आरोपी सापडला नाही, तरी भरपाई

समजा, लातूरच्या बाजारात भाजीचा गाळा चालवणारा एक माणूस पहाटे माल घ्यायला निघाला. वाटेत दोघांनी मोटारसायकल आडवी घातली आणि पैशांची पिशवी ओढली. त्याने ती सोडली नाही, तेव्हा कोयता चालवला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, मनगटाच्या शिरा तुटल्या. पोलिसांनी गुन्हा नोंदवला तो ‘अज्ञात आरोपींविरुद्ध’. आधी सिव्हिल, मग खासगी दवाखाना, मग उसनवारी. आता क्रेट उचलता येत नाही म्हणून बायको गाळ्यावर बसते, आणि मुलीच्या क्लासची फी थकली आहे.

अशा घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आधी आरोपी तर सापडू द्या. केस उभी राहील, कोर्ट निकाल देईल, मग बघू काय मिळतं ते.’ बोलणारा माणूस शहाणा असतो, अनुभवीही असतो. पण या बाबतीत तो चुकतो. हिंसक गुन्ह्याच्या बळीला सरकारी तिजोरीतून भरपाई मिळण्याची जी सोय कायद्यात आहे, ती आरोपी सापडण्यावर अवलंबून नाही. शिक्षा होण्यावर तर नाहीच. आरोपी निर्दोष सुटला तरी ती मागता येते, आणि खटला कधी उभाच राहिला नाही तरीही मागता येते. आपल्याकडे मागणारे कमी असण्याचं एक मोठं कारण हेच की, खटला आणि भरपाई हे दोन वेगळे रस्ते आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी खिसा कुणाचा ते पाहू. आरोपीच्या खिशातून भरपाई देण्याची तरतूद जुनीच आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७ कोर्टाला अधिकार देत होतं की दंडाची रक्कम, किंवा तिचा काही भाग, जखमीला किंवा मयताच्या वारसांना द्यावा. दंड ठोठावला नसेल तरी आरोपीला वेगळी भरपाई द्यायला लावावं. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम ३९५ झालं. कागदावर हे चांगलं दिसतं. पण कोयता घेऊन फिरणाऱ्या पोराकडे असतं काय? दंड दोन-पाच हजारांचा, तोही न भरता तो आणखी तीन महिने आत काढायला तयार असतो. शिवाय हे सगळं निकालानंतर, म्हणजे कित्येक वर्षांनी, आणि वर अपील असतंच.

दुसरा खिसा राज्याचा. गुन्हा रोखणं हे राज्याचं काम. ते जमलं नाही तर ज्याचं मोडलं त्याला उभं करण्याचा काही भार राज्याने उचलावा, हा विचार मुळात विसाव्या शतकाच्या मध्यावरचा. ब्रिटनमधल्या मार्जरी फ्राय या तुरुंगसुधारक बाई. आयुष्यभर कैद्यांच्या बाजूने लढल्या आणि उतारवयात त्यांनीच हा प्रश्न लावून धरला की ज्याचं डोकं फुटलं त्याच्यासाठी कायद्यात काय आहे? कायदा पहिल्यांदा केला तो न्यूझीलंडने, १९६३ साली. पुढच्याच वर्षी ब्रिटनने योजना आणली, १९६५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने. संयुक्त राष्ट्रांनी गुन्हापीडितांच्या हक्कांचा जाहीरनामा केला १९८५ मध्ये. आपल्याकडे विधी आयोगाने १९९६ च्या १५४ व्या अहवालात ही शिफारस केली, त्यावर मलिमथ समितीने २००३ मध्ये पुन्हा बोट ठेवलं, संसदेने २००८ मध्ये दुरुस्ती केली आणि ३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३५७-अ अमलात आलं. नव्या संहितेत त्याचा क्रमांक ३९६. जुन्या कागदांवर ३५७-अ दिसेल, नव्यांवर ३९६; आशय तोच आहे, आकडा बदलला म्हणून गोंधळायचं कारण नाही.

हे कलम सावकाश वाचण्यासारखं आहे, कारण सगळी किल्ली त्याच्या पोटकलमांत आहे. प्रत्येक राज्याने भरपाईची योजना आणि निधी उभारायचा. कोर्टाने शिफारस केली की रक्कम किती, हे जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाने ठरवायचं. खटला संपताना आरोपीकडून मिळणारी भरपाई पुनर्वसनाला पुरेशी नाही असं वाटलं, किंवा आरोपी सुटला पण पीडिताला उभं करण्याची गरज आहे असं दिसलं, तर कोर्टाने ही शिफारस करायची. आणि आपल्या भाजीवाल्याच्या कामाचं ते चौथं पोटकलम: आरोपी सापडला नाही किंवा कोण ते कळलं नाही, पण पीडित कोण हे माहीत आहे, आणि खटला उभा राहिला नाही, अशा वेळी पीडिताने किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांनी थेट प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. कोर्टाच्या शिफारशीची वाट पाहायची नाही. पाचव्या पोटकलमात प्राधिकरणाला मुदत घालून दिली आहे: चौकशी दोन महिन्यांत संपवायची. सहाव्यात तातडीची मदत आहे. ठाण्याचे प्रभारी अधिकारी किंवा दंडाधिकारी यांनी दाखला दिला की प्रथमोपचार, वैद्यकीय सवलत किंवा दुसरी अंतरिम मदत देण्याचा हुकूम प्राधिकरण काढू शकतं.

कोर्टाच्या शिफारशीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण घोडं अडतं ते तिथे. महाराष्ट्रातलाच एक खटला आहे. रात्री शेताजवळून तिघे चालले होते, शेतातलं कुत्रं भुंकलं, एकाने त्याला लोखंडी पाइप हाणला. शेतमालकाने जाब विचारला, बाचाबाची झाली आणि तोच पाइप त्याच्या डोक्यात बसला. माणूस गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं. मे २०१३ च्या निकालात न्यायमूर्तींनी शिक्षेचा विचार तर केलाच, पण खालच्या कोर्टांनी भरपाईच्या प्रश्नाकडे पाहिलंच नाही याचीही गंभीर दखल घेतली. भरपाई द्यायची की नाही हा कोर्टाचा विवेक असेल, पण त्या प्रश्नाचा विचार करणं हे कर्तव्य आहे आणि ‘नाही’ म्हणायचं तर कारणं लिहावी लागतील, असं त्यांनी स्पष्ट केलं. पुढच्याच वर्षी हरियाणातल्या खटल्यात, जिथे बाप आणि मुलगा दोघांनाही खंडणीसाठी पळवून मारलं होतं, सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. अंतरिम मदतीची गरज आहे का, हे गुन्ह्याची दखल घेतानाच पाहा, शेवटापर्यंत थांबू नका. त्या घरातल्या विधवेला १० लाख रुपये अंतरिम भरपाई देण्याचा हुकूम झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की शारीरिक इजा आणि लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत, विशेषतः बळी बालक किंवा स्त्री असेल तेव्हा, सत्र न्यायालयांनी भरपाईचा हुकूम करावा. अकरा वर्षांत तीनदा तेच सांगावं लागतं यावरून खाली काय चालतं याचा अंदाज येतो. खालचे न्यायाधीश निष्ठुर असतात असं मी म्हणणार नाही. सरकारी वकिलाचं लक्ष शिक्षेवर असतं, आरोपीच्या वकिलाचं सुटकेवर, आणि पीडित त्या दालनात साक्षीदार म्हणून आलेला असतो. साक्ष झाली की त्याला घरी जायला सांगतात. भरपाईचा विषय काढणारं तिथे कुणीच उरत नाही. म्हणून पहिला सल्ला: सरकारी वकिलाला भेटून ‘भरपाईच्या शिफारशीची विनंती करा’ असं लेखी द्या. एका पानाचा अर्ज पुरतो.

आता ते प्राधिकरण. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण हे नाव भारदस्त आहे. प्रत्यक्षात ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं एक कार्यालय असतं. प्रमुख जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष, आणि रोजचा कारभार पाहणारे सचिव हेही न्यायाधीशच. म्हणजे हे मंत्रालयाचं खातं नाही, पोलिसांचंही नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे विचारलं तरी रस्ता कळतो. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. या कामाला वकील लावलाच पाहिजे असं नाही. हवा असेल तर स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी तो याच कार्यालयाकडून फुकट मिळतो. इतर बहुतेकांना उत्पन्नाची अट आहे. न्यायालयाच्या फाटकाबाहेर ‘टक्क्यावर काम करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला नमस्कार करून आत जावं.

कागद कोणते लागतात? एफआयआरची प्रत पहिली. ती फिर्यादीला आणि पीडितालाही विनामूल्य मिळते, तसं नव्या संहितेत स्पष्ट लिहिलं आहे. मग दवाखान्याचे कागद: इंज्युरी सर्टिफिकेट, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं. अपंगत्व आलं असेल तर सिव्हिल सर्जनच्या मंडळाचं टक्केवारीसह प्रमाणपत्र. माणूस दगावला असेल तर मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वारस कोण याचा पुरावा. ओळखपत्र, बँकेचं पासबुक. कमाई काय होती याचा काही ना काही पुरावा, मग तो बाजार समितीची पावती असो की मुकादमाने लिहून दिलेला कागद. यातल्या बिलांबद्दल विशेष सांगतो. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानातून औषध आणताना ‘बिल नको, तेवढे कमी करा’ अशी सवय आहे. हाणामारीच्या जखमीसाठी औषधं आणताना ही सवय घरी ठेवावी.

आरोपी सापडला नसेल तेव्हा आणखी एक कागद लागतो, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते. महाराष्ट्रात तपास थांबवताना पोलीस कोर्टाला जो अंतिम अहवाल देतात त्याला समरी म्हणतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपीचा थांग लागला नाही. ‘ब’ समरी म्हणजे फिर्याद द्वेषबुद्धीने केलेली, खोटी. ‘क’ समरी म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची तक्रार. आपल्या भाजीवाल्याच्या अर्जाला ‘अ’ समरी हा भक्कम आधार आहे. पोलिसांनीच लिहून दिलेलं असतं की गुन्हा घडला, माणूस जखमी झाला, आरोपी मात्र मिळाला नाही. लोक उलट समजतात. ‘अ’ समरी झाली म्हणजे ‘केस बंद झाली, संपलं’ असं धरून फाइल माळ्यावर टाकतात. नव्या संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. कळवलं नाही तर ठाण्यात जाऊन लेखी विचारावं आणि पोच घ्यावी. ‘ब’ समरी झाली असेल, तर भरपाईच्या अर्जाआधी त्या समरीलाच कोर्टात हरकत घ्यावी लागते.

अर्ज गेल्यावर प्राधिकरण चौकशी करतं. पोलिसांकडून अहवाल मागवतं, डॉक्टरांचे कागद तपासतं, लागलं तर अर्जदाराला बोलावतं. इथे आरोपीचा गुन्हा सिद्ध करायचा नसतो. प्रश्न वेगळे असतात: गुन्हा घडला का, इजा किंवा मृत्यू त्यामुळेच झाला का, नुकसान किती, आणि या घराला पुनर्वसनाची गरज आहे का. आधी दुसरीकडून मदत मिळाली आहे का, हेही पाहतात. सरकारी सानुग्रह रक्कम किंवा तत्सम काही मिळालं असेल तर हिशेबात धरतात, म्हणून ते लपवू नये. राज्यांच्या बहुतेक योजनांत तपासाला आणि खटल्याला सहकार्य करण्याची अट असते. उशीर ही दुसरी अडचण. मुदत योजनेगणिक वेगळी आहे, योग्य कारण असेल तर उशीर माफही होतो, पण तो माफ करून घेण्याची वेळ येऊ न देणं बरं.

महाराष्ट्राची सर्वसाधारण पीडित भरपाई योजना २०१४ ची आहे, आणि आपला भाजीवाला त्या दारातून आत जाईल. पण दारं अनेक आहेत आणि कोणतं दार आपलं हे ओळखण्यातच निम्मं काम असतं.

स्त्रियांसाठीचं दार आज सगळ्यांत रुंद आहे. २ ऑक्टोबर २०१३ पासून महाराष्ट्रात मनोधैर्य योजना लागू झाली: बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या बळींसाठी. सुरुवातीला रक्कम दोन लाख, विशेष प्रसंगी तीन लाख. शेजारच्या गोव्यात दहा लाखांपर्यंत मिळत असताना आपल्याकडे इतकं कमी का, असं मुंबई उच्च न्यायालयाने सुनावल्यावर २०१७ मध्ये योजना सुधारली आणि गंभीर प्रकरणांत मर्यादा दहा लाखांवर गेली. रक्कम ठरवण्याचं कामही विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. दरम्यान दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर उभ्या राहिलेल्या निधीतून केंद्राने राज्यांच्या भरपाई योजनांना हातभार म्हणून २०० कोटी दिले. पण राज्याराज्यांतले आकडे इतके विसंगत होते की सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाकडून एक सामायिक योजना करवून घेतली. ती २०१८ ची. राज्यांनी तिच्यात हवी तर भर घालावी, कमी काही करू नये, असं न्यायालयाने बजावलं.

त्या योजनेच्या तक्त्यातले काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मृत्यू: ५ ते १० लाख. सामूहिक बलात्कार: ५ ते १० लाख. बलात्कार: ४ ते ७ लाख. ८० टक्के किंवा अधिक कायमचं अपंगत्व: २ ते ५ लाख. ॲसिडने चेहरा विद्रूप झाला असेल तर ७ ते ८ लाख. बळी अल्पवयीन असेल तर आकडा दीडपट धरायचा. अर्जाची मुदत घटनेपासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षं. या योजनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र आकड्यांमध्ये नाही. बलात्कार, ॲसिड हल्ला, हुंडाबळी अशा गुन्ह्यांच्या एफआयआरची प्रत पोलिसांनी आपणहून प्राधिकरणाकडे पाठवायची आहे आणि प्राधिकरण अर्जाची वाट न पाहता स्वतःहून अंतरिम मदत देऊ शकतं. मागायला येईल त्यालाच देऊ, हा सरकारी खाक्या इथे निदान कागदावर तरी मोडला आहे. भाजीवाल्यासाठी अशी सोय नाही. त्याच्या एफआयआरच्या प्रतीवर तळाशी ‘भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधा’ अशी एक ओळ छापायला काय हरकत आहे, हे मला आजवर समजलेलं नाही.

ॲसिड हल्ल्याच्या बाबतीत घड्याळ आणखी वेगाने चालतं. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये किमान ३ लाखांची रेषा आखली: एक लाख पंधरा दिवसांत, उरलेले दोन लाख त्यानंतरच्या दोन महिन्यांत. पुढे न्यायालयानेच स्पष्ट केलं की ही किमान रक्कम आहे, गरज पडली तर जास्त द्या. कातडी बसवण्याच्या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षं चालतात, त्या हिशेबात तीन लाख कुठेच पुरत नाहीत. उपचारांचं कलम मात्र कडक आहे. ॲसिड हल्ला आणि लैंगिक अत्याचारातल्या बळींवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि विनामूल्य उपचार करायचे. नव्या संहितेतलं हे कलम ३९७. नकार दिला तर रुग्णालय चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. काउंटरवर ‘आधी डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्याला हा कलमाचा आकडा सांगून पाहावा.

लैंगिक अत्याचाराचा बळी अठरा वर्षांखालचा असेल तर पॉक्सो कायदा आणि त्याचे २०२० चे नियम लागतात. इथे रक्कम प्राधिकरण नव्हे, विशेष न्यायालय ठरवतं, आणि एफआयआर झाल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकतं. आरोपी सुटला, सापडला नाही, ओळख पटली नाही, तरीही. काय पाहायचं याची यादीच नियमांत आहे: इजा किती, उपचाराचा खर्च, शाळा बुडाली का, आरोपी घरातला किंवा ओळखीचा होता का, प्रकार एकदा घडला की वारंवार, गर्भ राहिला का, आजार जडला का, घरची परिस्थिती कशी. हुकूम मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्याने पैसे द्यायचे. त्याही आधीची एक पायरी आहे. पोराला आज जेवण, कपडे, जाण्यायेण्याचा खर्च हवा असेल तर बालकल्याण समिती तातडीच्या मदतीची शिफारस करते आणि ती आठवड्याच्या आत द्यायची असते.

अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांची व्यवस्था पूर्ण वेगळी. १९८९ चा कायदा, १९९५ चे नियम, आणि १४ एप्रिल २०१६ ला सुधारलेला तक्ता. त्यात रक्कम गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. इथे विधी सेवा प्राधिकरणाकडे नव्हे, तर जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे जायचं; वर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची दक्षता समिती असते. पैसे टप्प्यांनी मिळतात. खुनाच्या प्रकरणात सव्वाआठ लाखांपैकी निम्मे शवविच्छेदनानंतर, निम्मे दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर. बलात्काराच्या प्रकरणात ५ लाख: निम्मे वैद्यकीय तपासणी आणि अहवालानंतर, पाव दोषारोपपत्रानंतर, पाव खालच्या कोर्टातला खटला संपल्यावर. इतर कित्येक गुन्ह्यांत पाव रक्कम एफआयआरनंतरच मिळते. खून झालेल्या माणसाच्या विधवेला किंवा अवलंबितांना महागाई भत्त्यासह मासिक निवृत्तिवेतन आणि मुलांच्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च, अशीही तरतूद आहे. रोख रकमेच्या गडबडीत या दोन गोष्टी विसरल्या जातात. पैसे वेळेत किंवा पूर्ण मिळाले नाहीत तर विशेष न्यायालय ते देण्याचा हुकूम करू शकतं.

गडचिरोलीसारख्या भागात नक्षली हिंसाचारात, किंवा दहशतवादी हल्ल्यात, जातीय दंगलीत सामान्य नागरिक बळी पडला तर केंद्राची स्वतंत्र योजना आहे. २०१६ पासून तिची रक्कम ५ लाख. रस्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो. वाहनाच्या अपघाताचं प्रकरण यातल्या कुठल्याच दारातून नेऊ नये. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे.

आता त्या भीतीबद्दल, जिच्यामुळे घरातले लोक अर्जच करत नाहीत. ‘पैसे घेतले म्हणजे तडजोड झाली’ असं गावात बोललं जातं, आणि आरोपीच्या बाजूचे लोक ते मुद्दाम पसरवतात. या पैशांचा तडजोडीशी काडीचा संबंध नाही. ते आरोपीने दिलेले नसतात, राज्याने दिलेले असतात, आणि ते घेतल्याने खटल्याची धार कमी होत नाही. उलट राज्य ती रक्कम पुढे आरोपीकडून वसूल करण्याचा प्रयत्न करू शकतं. उलटतपासणीत ‘भरपाईसाठी खोटी फिर्याद दिली ना?’ असा प्रश्न येऊ शकतो. आला तर गोंधळू नये. ‘कायद्याने मिळणारी मदत मागितली’ एवढं उत्तर पुरेसं आहे. मात्र आरोपीकडच्यांनी मध्यस्थामार्फत परस्पर देऊ केलेली रोकड ही वेगळी गोष्ट. ती घेऊन साक्ष फिरवली तर भरपाईही धोक्यात येते आणि माणूस स्वतःच खोट्या साक्षीच्या आरोपात अडकतो.

रक्कम मंजूर झाल्यावर घरातल्यांना एक धक्का बसतो, तो आधीच सांगितलेला बरा. सगळे पैसे हातात येत नाहीत. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनेत २५ टक्के रक्कम खर्चासाठी मिळते आणि ७५ टक्के किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते. अल्पवयीन असेल तर ८० टक्के रक्कम सज्ञान होईपर्यंत अडकते. हेतू चांगला आहे. नवऱ्याने, दिराने, मामाने ते पैसे उडवू नयेत, पोरीच्या नावावर ते राहावेत. पण ज्या घराने सावकाराकडून पाच टक्क्यांनी उचल घेऊन दवाखान्याचं बिल भरलं, त्याने बँकेच्या सात टक्क्यांच्या ठेवीकडे पाहत बसायचं हा हिशेब जमत नाही. सावकाराचे पाच टक्के महिन्याचे असतात, बँकेचे सात वर्षाचे. यावर दोन उपाय त्याच योजनेत आहेत. ठेवीचं व्याज दरमहा बचत खात्यात जमा होतं, ते काढता येतं. आणि शिक्षण, उपचार किंवा तशीच निकडीची गरज असेल तर ठेव मोडण्याची परवानगी प्राधिकरणाकडे मागता येते. त्यासाठी कर्जाचा कागद, दवाखान्याचं अंदाजपत्रक, कॉलेजची फी-पावती असा काही पुरावा जोडावा.

रक्कम फारच कमी वाटली, किंवा अर्ज फेटाळला, तर जिल्हा प्राधिकरणाच्या निर्णयावर राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अपील करता येतं. राष्ट्रीय योजनेखालच्या अपिलाला मुदत ३० दिवसांची, म्हणून निर्णयाची प्रत मिळाली त्या दिवसाची तारीख पाकिटावरच लिहून ठेवावी. अपिलात ‘आम्ही गरीब आहोत’ एवढं लिहून भागत नाही. तक्त्यातल्या कोणत्या ओळीत आपलं प्रकरण बसतं, प्राधिकरणाने ते कोणत्या ओळीत बसवलं, आणि कोणता कागद पाहायचा राहिला, हे लिहावं लागतं. भाजीवाल्याच्या बाबतीत तो कागद बहुधा अपंगत्वाच्या टक्केवारीचा असेल. पहिलं प्रमाणपत्र टाके ओले असताना घेतलेलं असतं; सहा-आठ महिन्यांनी मूठ वळत नाही हे स्पष्ट झाल्यावर फेरतपासणी करून घेतली तर टक्के बदलू शकतात, आणि टक्के बदलले की तक्त्यातली ओळ बदलते.